कानाची साक्ष

मकरपुऱ्यात शांतता नावालाही नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या जलद गाड्या आमच्या छोट्या स्टेशनाकडे न बघता धडधडत निघून जातात. डेपोतल्या एसटी बाहेर पडतात त्या हॉर्न वाजवतच. आणि या सगळ्याच्या बुडाशी, जमिनीतूनच वर येतोय असा वाटणारा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीचा घुमारा असतो. पॉवर प्रेसचे ठोके, ग्राइंडरची किरकिर, कॉम्प्रेसरची धाप. खंडेराव महाराजांनी 1870 मध्ये इथे राजवाडा बांधला, तेव्हा ही बडोद्याबाहेरची मोकळी जागा होती. शहर सोडून यावं, शिकार करावी, चार दिवस निवांत राहावं, म्हणून निवडलेली. पुढे सयाजीरावांनी वाडा वाढवला, भोवती बाग फुलवली. आता त्या वाड्यात वायुदलाचं प्रशिक्षण चालतं आणि निवांतपणाच्या त्या जागेभोवती कारखान्यांची नि कामगार वसाहतींची दाटी झाली आहे. खानदेशातून, नगरकडून पोटासाठी आलेली माणसं इथे घर करून राहिली. घरात मराठी, दुकानात गुजराती, शेडमध्ये हिंदी, असा आमचा दिवस बोलत बोलत सरतो.

उमेदीची वर्षं मी या वसाहतीत मशिनांच्या देखभालीचं काम केलं. गोंगाटात काम करणारा माणूस ओरडून बोलायला लवकर शिकतो. बारीक ऐकायला मात्र थोडेच शिकतात. आमच्याकडे एक वयस्क गुजराती फिटर होते. मशीन बिघडलं की चार माणसं चार निदानं सांगू लागायची. हे मात्र आधी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. डोळे मिटलेले. आजूबाजूला सगळी शेड गर्जत असायची, पण त्यांना ऐकू यायचं ते फक्त त्या एका बेअरिंगचं दुखणं. मग ऑपरेटरला विचारायचे, हे केव्हापासून? कुठल्या वेळी वाढतं? आम्ही घाई केली तर ‘पहेलां सांभळो’, आधी ऐका, एवढंच म्हणायचे. पाना हातात घेण्याआधी त्यांचं निम्मं काम झालेलं असे.

मी ख्रिस्ती आहे. माझं आजोळ नगर जिल्ह्यातलं, मिशनच्या शाळेभोवती वाढलेलं. आमच्या मंडळीत ‘साक्ष देणं’ हे प्रत्येकाचं कर्तव्य मानतात. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते दुसऱ्याला सांगावं, हे लहानपणापासून कानांवर पडत आलं. साक्ष कशी द्यावी याचे वर्ग होतात. कुठून सुरुवात करावी, कुठलं वचन कुठे घ्यावं, कुठल्या शंकेला काय उत्तर द्यावं, हे सगळं तिथे शिकवतात. सांगायचं ते तोंडपाठ झालेली उत्साही मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या उत्साहाबद्दल मला मायाच वाटते. पण ऐकायचं कसं याचा वर्ग मी कधी पाहिला नाही. हा निबंध त्या न झालेल्या वर्गासाठी आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाने या विषयात परदेशी पुस्तकं धुंडाळायची गरज नाही. आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट आगगाडीच्या डब्यातली आहे. साल 1893. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. वय तिशीतलं, संस्कृत उत्तम, कविता अंगात भिनलेली, देशाचा अभिमान कडवा, आणि धर्माच्या बाबतीत जीव अस्वस्थ. डब्यात एक युरोपियन गृहस्थ बसलेले. त्या काळी अशा डब्यात गोरा माणूस असला की आपल्याला उतरवून देतील की काय, या धास्तीनेच माणूस आत पाऊल टाकायचा. या गृहस्थांनी उलट आदराने जागा करून दिली. आणि बोलणं सुरू झालं ते कवितेवर. संस्कृत काव्य, टिळकांचा आवडता प्रांत. टिळकांनी बोलायचं आणि त्या माणसाने रस घेऊन ऐकायचं, अशी ती वाट सरली असणार. पुष्कळ वेळाने त्यांनी विचारलं की ख्रिस्ताविषयी तुमचं मत काय. मग नव्या कराराची एक प्रत हातात दिली, वाचा म्हणाले, आणि असंही म्हणाले की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण शब्द दिला म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते मिटता येईना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट सांगताना त्या गृहस्थांचं नाव सहसा कुणी घेत नाही. टिळकांना ते पुन्हा कधी सापडले नाहीत. मराठी ख्रिस्ती साहित्याचं, भजनांचं, अवघ्या उपासनेचं रूप ज्या माणसामुळे पालटलं, त्या माणसाला वाट दाखवणारा असा निनावी राहिला, याचं मला लहानपणी वाईट वाटायचं. आता ते फार योग्य वाटतं. आमच्या वर्गांत ही गोष्ट सांगतात तेव्हा पुस्तक दिल्याचं आणि भविष्य खरं ठरल्याचं सांगतात. माझं मन मात्र त्याआधीच्या तासांवर खिळतं. सत्ताधारी जातीचा एक माणूस पारतंत्र्यातल्या एका कवीच्या शेजारी बसतो आणि त्याच्या भाषेतलं, त्याच्या पूर्वजांचं काव्य त्याच्याच तोंडून ऐकतो. ‘तुमचं काय मत?’ हा प्रश्न त्यानंतर आला. ज्याने आपलं ऐकलं त्याचं पुस्तक माणूस उघडतो. न ऐकता हातात कोंबलेली पत्रकं कुठे जातात ते स्टेशनावरच्या झाडूवाल्यांना विचारावं.

टिळक पुढे सांगत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून. एखाद्या प्रचारकाने पहिल्याच भेटीत तुकोबांना मोडीत काढलं असतं, तर तो पूलच राहिला नसता.

पण खरं सांगायचं तर टिळकांच्या घरात ऐकण्याची अधिक अवघड परीक्षा झाली ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाबतीत. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन वाचलेल्या मराठी वाचकाला ते घर आपल्या नात्यातलंच वाटतं. लक्ष्मीबाई अशा माहेरातून आल्या होत्या, जिथे वडिलांच्या सोवळ्याने वेडाची हद्द गाठलेली. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. आणि नवरा एक दिवस ख्रिस्ती होतो, तिला विश्वासात न घेता. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. त्या वर्षांतलं त्यांचं दुःख लक्ष्मीबाई सांगतात तेव्हा त्यात कुठे आरडाओरडा नाही, आणि म्हणूनच ते काळजाला घरं पाडतं. टिळक शांत स्वभावाचे मुळीच नव्हते. लहरी, तापट, मनात येईल ते त्याच क्षणी करून मोकळे होणारे. अशा माणसाने, बायको परत नांदायला आल्यावर, तिच्या चुलीला, तिच्या पाण्याला, तिच्या सोवळ्याला हात लावला नाही. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत राहून ती आपला आचार पाळत होती आणि तो तिला पाळू देत होता. तिचा प्रश्न तिच्या मनातच पिकावा लागला. देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या, हे तिला कुणी पढवलं नाही. विचार करता करता ते तिचं तिलाच उमगलं. 1900 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला तो तिचा स्वतःचा होता.

प्रचाराच्या अहवालात अशी पाच वर्षं रिकामी दिसतात. तिथे आकडा नसतो. मला मात्र टिळकांच्या सगळ्या अभंगांइतकंच त्यांचं हे थांबणं मोठं वाटतं. स्वभावाविरुद्ध थांबलेला माणूस तो. पुढे ‘ख्रिस्तायन’ अपुरं ठेवून टिळक गेले आणि लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं. जिला त्यांनी तिच्या वेळेने येऊ दिलं, तिनेच त्यांचं राहिलेलं सांगणं पुढे नेलं.

माझ्या आजीला सगळे ‘बायबलबाई’ म्हणायचे. नगरकडच्या खेड्यांतून अशा बायका असत. काखेत पुस्तक, अंगात साधं लुगडं, आणि पायी हिंडायचं. लोकांची समजूत अशी की त्या घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवत. वाचायच्याच. पण आजी सांगायची की निम्म्या घरांत पुस्तक उघडायची वेळच येत नसे. जात्यापाशी बसलेली बाई बोलायला लागली की सासू, सवत, मेलेलं मूल, न होणारं मूल, दारुडा नवरा, सगळं बाहेर यायचं. आजी खुंट्याला हात लावायची आणि दळू लागायची. उठताना बाईला विचारायची, तुझ्यासाठी प्रार्थना करू का? कुणी हो म्हणे, कुणी नको म्हणे. नको म्हणणाऱ्या घरीही ती पुढच्या खेपेला जाई. ‘त्या बायांचं ऐकायला कुणी नव्हतं गं,’ असं ती माझ्या आईला सांगायची. मिशनच्या वहीत आजीच्या नावापुढे फार मोठं काही लिहिलेलं नसावं. पण तिच्या मातीला आसपासच्या वाड्यांतून ज्या बायका आल्या, त्यांतल्या बहुतेकींनी चर्चची पायरी कधी चढलेली नव्हती.

याच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट आमच्या बडोद्याच्या वाटेवर घडलेली आहे. 1825 च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर बडोद्याला आले. गादीवर दुसरे सयाजीराव होते. बडोद्याहून पुढे जाताना 26 मार्चला नडियादमध्ये त्यांची भेट सहजानंद स्वामींशी झाली. स्वामिनारायण संप्रदायाचे हे प्रवर्तक गुजरातेत मोठी सुधारणा घडवत होते. लुटारू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसांना त्यांनी सरळ वाटेला लावलं होतं. हेबरांनी त्यांच्याविषयी बरंच ऐकलं होतं, आणि हा माणूस कदाचित शुभवर्तमानाची वाट तयार करत असेल अशी आशा त्यांच्या मनात होती. भेट झाली ती कशी? बिशपसाहेबांबरोबर पन्नासेक घोडेस्वार. स्वामींबरोबर दोनशेच्या आसपास, तलवारी-बंदुका घेतलेले. दोन धर्मोपदेशक आपापल्या छोट्या फौजा घेऊन भेटताहेत याची हेबरांना लाज वाटली, आणि ती त्यांनी आपल्या रोजनिशीत मोकळेपणाने लिहून ठेवली. बोलणं झालं ते देवाच्या रूपाविषयी, अवतारांविषयी. स्वामींनी कृष्णाचं चित्र दाखवलं. बिशपांनी आपलं सांगितलं. आदराने भेटले, आदराने निघाले. बिशपांची आशा काही फळली नाही.

मला हेबरांविषयी आदर आहे. अशी लाज लिहून ठेवायला मोठं मन लागतं. पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीला त्यांचा अंत झाला, त्यामुळे नडियादच्या त्या भेटीला दुसरी भेट जोडली गेली नाही. पण ती नोंद वाचताना जाणवतं की समोरचा माणूस आपल्याच वाटेवरचा निम्मा प्रवासी आहे असं ठरवून ते आले होते. स्वामी स्वतः कुठे चालले आहेत हे ऐकायला त्या भेटीत जागाच नव्हती. आणि फौजेचं म्हणाल तर ती सगळ्यांबरोबर असते. हेबरांची दिसत होती एवढंच. आपल्याबरोबर पैशाची असते, शिक्षणाची असते, शाळेतल्या प्रवेशाची नि दवाखान्यातल्या ओळखीची असते. बहुसंख्य असलेल्यांची संख्येची असते. ती दारात ठेवून आत गेल्याशिवाय दोन माणसांचं धर्माविषयी बोलणं सुरूच होत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. 2021 च्या डिसेंबरात याच मकरपुऱ्याच्या पोलीस ठाण्यात मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या इथल्या आश्रमाविरुद्ध, मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदला गेला. संस्थेने आरोप नाकारला. त्याचा निवाडा हे न्यायालयाचं काम आहे, माझं नाही. पण ते दिवस मला आठवतात. आमच्या मंडळीतली माणसं शेजाऱ्याला नाताळचा केक द्यायला बिचकत होती. आणि एरवी हक्काने घरात येणारे काही शेजारी दारातूनच बोलून जात होते. भीती दोन्हीकडे होती, आणि भ्यालेल्या माणसाचे कान सर्वांत आधी बंद होतात.

गुजरातेत 2003 पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, 2021 मध्ये तो अधिक कडक झाला. बळजबरी, आमिष, फसवणूक करून धर्मांतर घडवणं हा गुन्हा. आपल्या संविधानाच्या 25व्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे, आणि 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. या कायद्यांवर पुष्कळ वाद आहेत, आणि त्यांचा धाक निरपराधांवर कसा बसतो हेही मी पाहतो. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी विश्वासी माणसाच्या सदसद्विवेकाने त्याहून कडक कुंपण स्वतःभोवती घालावं असं मला वाटतं. खाटेवरच्या रोग्याची गरज, फी न भरू शकणाऱ्या पोराची गरज, ही माझी संधी नव्हे. समोरच्याला ‘नाही’ म्हणायला पुरेसं बळ नसेल, तर त्याच्या ‘हो’ला देवासमोर काय किंमत?

इथे एक प्रश्न मला वर्षानुवर्षं छळत आला. मी ऐकतो, पण कशासाठी? माझं सांगण्याची पाळी लवकर यावी म्हणून ऐकत असेन, तर ते ऐकणं नव्हेच, ती दबा धरून बसण्याची तऱ्हा झाली. हल्ली ऐकण्याचंही तंत्र शिकवतात. मान कधी हलवावी, समोरच्याचेच शब्द त्याला कसे परत द्यावेत. विमा विकणाऱ्यांना ते शिकवतात, पुढाऱ्यांना शिकवतात. दुःखी माणसाला हे अचूक कळतं. दुसरीकडे, मी ख्रिस्तावर जीव टाकतो हे खोटं नाही. जे मला जगायला पुरलं ते शेजाऱ्याला सांगूच नये, ही शालीनता मला परकेपणाची वाटते. मग या दोहोंच्या मधे उभं कसं राहायचं?

याचं उत्तर मला लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, अम्माऊसच्या वाटेवर मिळालं. येशूला क्रुसावर मारल्याला तीन दिवस झालेले. दोन शिष्य हताश होऊन यरुशलेम सोडून निघालेत. उठलेला येशू स्वतः त्यांच्या बरोबरीने चालू लागतो, त्यांना ओळख पटत नाही. तो विचारतो, काय बोलत चालला आहात? ते म्हणतात, तुला एकट्यालाच कसं ठाऊक नाही? आणि तो पुन्हा विचारतो, काय झालं? मग ते सगळं सांगतात. त्याच्याच मरणाची हकिकत ते त्यालाच सांगतात, आणि तीही अर्धीमुर्धी कळलेली, निराशेने वाकडी झालेली. त्या घटनेविषयी सगळ्या पृथ्वीवर सर्वांत जास्त ज्याला ठाऊक होतं, तो चालता चालता ती ऐकून घेतो. मध्ये तोडत नाही. बोलतो तो त्यानंतर, आणि बोलतो तेव्हा लेचंपेचं बोलत नाही, चांगलं खडसावतो. पण त्याहून मला हलवणारी गोष्ट पुढे आहे. गाव जवळ आल्यावर तो पुढे निघाल्यासारखं करतो. तेच आग्रह करतात, दिवस कलला, राहा. तेव्हा तो आत जातो.

पुढे निघून जायची तयारी. ऐकण्याचं खरंखोटं मला वाटतं इथे कळतं. तुझं ऐकल्यावर माझं सांगायची पाळी आली नाही तरी मी फसवलो गेलो असं मला वाटणार नाही, ही ती तयारी. दार त्यांचं, बोलावणं त्यांचं. सुवार्ता माझी नव्हेच, त्यामुळे ती पोचवण्याची घाईही माझी नाही. हे कळल्या दिवसापासून माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

गुजरातेने असा एक ऐकणारा जवळून पाहिला. स्पेनमध्ये 1925 साली जन्मलेले जेझुइट पाद्री कार्लोस व्हालेस 1949 मध्ये भारतात आले. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गणित शिकवायचे. गुजराती अशी शिकले की गुजरातीचे लाडके लेखक झाले, आणि 1978 चं रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळालं. पण मला पुरस्कारापेक्षा त्यांची दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. 1973 च्या सुमारास त्यांनी कॉलेजातली आपली खोली सोडली आणि अहमदाबादच्या पोळांत, म्हणजे जुन्या गल्ल्यांत, घरोघरी राहायला लागले. थोडे दिवस एका घरी, मग वळकटी उचलून दुसऱ्या घरी. साध्या, मध्यमवर्गी हिंदू-जैन कुटुंबांत. त्यांचंच जेवायचं, त्यांच्यातच निजायचं, सकाळी सायकलवरून शिकवायला जायचं. घरात राहिलेला पाहुणा किती बोलणार? त्याने ऐकलं असणार ते नळाच्या पाण्याचं भांडण, मुलीच्या लग्नाची चिंता, संध्याकाळची आरती. 2020 मध्ये ते माद्रिदला वारले तेव्हा गुजराती घरांत आपला माणूस गेल्याचं दुःख होतं. आमच्यातले काही हिशेबी लोक विचारतात, त्यांनी किती जण ख्रिस्ती केले? हा प्रश्न विचारणाऱ्याने व्हालेस वाचलेले नसतात.

स्टॅन्ली जोन्स या मेथडिस्ट मिशनऱ्यांनीही 1920 च्या दशकात असंच काही केलं होतं. निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना गोल बसवायचं आणि वाद बाजूला ठेवून प्रत्येकाने एवढंच सांगायचं की माझ्या धर्माने मला जगताना काय दिलं. ख्रिस्ती माणसालाही तेवढीच पाळी. आमच्या शहरात तर सयाजीरावांनी आल्बन विजरी यांना आणून कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास सुरू करवला होता. ऐकण्याला राजाश्रय मिळालेलं हे गाव आहे, हे आम्ही बडोदेकर विसरतो.

ऐकण्याची याहून जुनी गोष्ट गोव्यातली. फादर स्टीफन्स तिथे 1579 मध्ये उतरले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एका ब्राह्मणाने त्यांच्यापाशी गाऱ्हाणं मांडलं, आमची पुराणं तर काढून घेतलीत, आता आम्ही वाचायचं काय? सत्ता पोर्तुगिजांची होती, गाऱ्हाणं कानाआड करता आलं असतं. स्टीफन्सनी ते मनावर घेतलं आणि सुमारे 11 हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, 1616 मध्ये ते राचोलला छापलं गेलं. ज्यांची पुराणं हिरावली गेली त्यांचं नुकसान त्याने भरून निघालं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या भाषेतल्या पहिल्या ख्रिस्ती महाकाव्याची सुरुवात पाद्र्याने एका तक्रारीला कान देण्यात आहे, याचा मला आनंद आहे.

आमच्या सोसायटीत, समोरच्याच ब्लॉकमध्ये, जळगावकडचे एक वारकरी राहतात. मी त्यांना अप्पा म्हणतो. गळ्यात तुळशीमाळ, आयुष्य प्रेसशॉपमध्ये गेलेलं, त्यामुळे डावा कान जवळपास गेलेला. त्यांचा तरुण मुलगा महामार्गावर अपघातात गेला. पहिल्या दिवसांत माणसांची रीघ होती. कुणी प्रारब्ध सांगितलं, कुणी गीतेतलं सांगितलं, आमच्याकडच्याही एकाने देवाची योजना सांगितली. माझी बायको वहिनींपाशी बसून राहायची, स्वयंपाक करून यायची. मी संध्याकाळी अप्पांच्या उजव्या बाजूला, म्हणजे ऐकू येणाऱ्या बाजूला बसायचो. पण बोलायचे तेच. मुलाच्या लहानपणाचं, त्याच्या मोटारसायकलचं, त्या रात्री पोलिसांचा फोन आला त्याचं. तेच ते, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी त्यात एखादी नवी गोष्ट निघायची.

दुसरा पावसाळा आला तेव्हा एका संध्याकाळी अप्पांनी आपणहून विचारलं, ‘तुमच्या देवाचंही पोर गेलं म्हणतात. त्या बापाचं काय झालं, ते सांगा.’

मी सांगितलं. जितकं सांगता आलं तितकं. त्यांनी मान वळवून, चांगला कान माझ्याकडे करून ऐकलं. मग म्हणाले, ‘आमच्यात गोरोबाकाका आहेत. भजनात पोर पायाखाली गेलं, चिखलात. पोरगा गेल्यापासून मला ते आख्यान ऐकवत नाही. कीर्तनकार तिथे आला की मी उठून जातो.’ थोडं थांबून म्हणाले, ‘गोरोबाचं पोर विठोबानं परत दिलं. तुमचाही तिसऱ्या दिवशी उठला. माझं नाही आलं.’

मी पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. मेलेले उठतील हे दर रविवारी उभं राहून म्हणतो आणि मनापासून म्हणतो. ते मी अप्पांना सांगितलं. तेही म्हणाले, तुमचं खरं असेल, पण मला माझा पोरगा आत्ता हवा. त्यावर माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतं आणि ते नाही हेही मी सांगितलं. ते माळ ओढतात, मी प्रार्थना करतो, आणि आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी आम्ही त्याच वाक्यापाशी येतो. गेल्या खेपेला ते म्हणाले की यंदा आषाढीच्या आधी मंदिरात गोरोबाचं आख्यान आहे, उठून जायचं नाही असं ठरवलंय, तुम्ही शेजारी बसाल का? मी येतो म्हणालो. डाव्या बाजूला बसायला सांगितलंय, म्हणजे उजवा कान कीर्तनाला मोकळा राहील.